कानानं चालवलेली लॉरी

शनिवार, १२ फेब्रुवारी १९४४. सकाळचा स्वयंपाक उरकून मी परसात कोळसा फोडायला बसले होते. लाकडी कोळसा, लॉरीचा. तुकडे लिंबाएवढे पाहिजेत. मोठे राहिले तर मधे पोकळी राहते, फार बारीक झाले तर वारा कोंडतो, आणि भुकटी गेली तर नळ्याच तुंबतात. म्हणून आधी फोडायचा, मग चाळायचा, मग उन्हात पसरून पोत्यात भरायचा. डोक्याला फडकं आणि नाकावर पदर बांधला तरी संध्याकाळी थुंकी काळी यायची.

लढाईमुळं पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मालकांनी लॉरीच्या पाठीमागं एक उभी लोखंडी टाकी बसवून घेतली होती. टाकीत कोळसा धुमसायचा, त्याचा गॅस नळीतून इंजिनात जायचा आणि त्याच्यावर लॉरी धापा टाकत चालायची. निघण्याआधी कुणीतरी हातानं पंखा फिरवून टाकी पेटवावी लागे. चढावर माणसं उतरून बाजूनं चालत. तरी चालायची हे महत्त्वाचं, कारण निपाणीचा तंबाखू बेळगावला न्यायला त्या दिवसांत दुसरं फारसं काही नव्हतं.

लॉरी हे चालवायचे, म्हणजे माझे यजमान. मालक निपाणीतले जैन व्यापारी, घरची शेती, बाजारात तंबाखूची वखार, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्या शनिवारी हे दुपारपर्यंत परत यायचे होते. गुरुवारी तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, घेऊन गेले होते. शुक्रवार तापाचा. तो बेळगावात खडेबाजारामागच्या अड्ड्यावर घोंगडी पांघरून काढला असणार. शनिवारी ताप नाही. म्हणजे शनिवारी परत. हा हिशेब आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होता, आमच्या सात वर्षांच्या मुलीलासुद्धा.

तापाचं सांगण्याआधी पायाचं सांगायला हवं.

ह्यांचा डावा पाय लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली सापडला होता. हाडवैद्यानं कामट्या बांधून हाड बसवलं, पण गुडघा कायमचा ताठ राहिला. पाय मुसळासारखा सरळ. मांडी घालता येत नसे. लग्नाच्या पंगतीत बसले तर तो पाय समोरच्याच्या पत्रावळीकडं व्हायचा, आणि कुणीतरी म्हणायचंच, "अन्नाकडं पाय करून बसलाय बघा." म्हणून हे पंगतीला बसत नसत. वाढायला उभे राहत आणि शेवटी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवत. आमच्या लग्नातसुद्धा तसंच जेवले. माझ्या मावशीनं तेव्हा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं होतं, "नवरदेव उभा ऱ्हातोय तवर बरा दिसतोय गं."

शेतीत पायाचा उपयोग नाही म्हणून हे बेळगावला मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात राहिले. तिथं नटबोल्ट धुता धुता इंजिनाचा आवाज ओळखायला शिकले. पुढं अण्णांनी लॉरी घेतली तेव्हा तिच्याबरोबर गेले ते दुरुस्तीला. पहिला ड्रायव्हर एकदा संकेश्वरला भांडून लॉरी तिथंच सोडून गेला, तेव्हा हे ती घेऊन निपाणीला आले. अण्णा वखारीच्या पायरीवर उभे होते. लॉरीतून कोण उतरतंय ते बघून त्यांनी विचारलं, "तू कसा आणलास रे? क्लच कुणी दाबला?"

"कुणी न्हाय अण्णा. लागला न्हाय."

मोटारीचा गिअर बदलताना डाव्या पायानं क्लच दाबायचा असतो. तेवढ्यापुरती इंजिनाची आणि चाकांची गाठ सुटते, तेवढ्यात दांडा सरकवायचा. उभी लॉरी हलवायला क्लच लागतोच. त्या वेळी हे दोन्ही हातांनी मांडी उचलून टाच क्लचवर ठेवत आणि कमरेतून रेटा देत. पण चालत्या लॉरीत हात सुकाणूवर हवेत. मग काय करायचे, तर उजवा पाय जरा उचलून इंजिनाचा आवाज उतरू द्यायचे. उतरता उतरता तो एका सुराला येतो. नेमक्या त्या वेळी दांडा सरकवला तर क्लचशिवाय गिअर पडतो, आवाजसुद्धा होत नाही. जरा आधी किंवा जरा मागनं सरकवला की आतले दाते एकमेकांवर घासतात आणि करवत चालवल्यासारखं ऐकू येतं. ह्यांच्या हातून असा आवाज वर्षात एखाद्या वेळी व्हायचा. बेळगावच्या साहेबानं परवान्याच्या वेळी शेजारी बसून लॉरी चालवून घेतली, उतरला आणि सही केली. पायाबद्दल त्यानं विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

लॉरीवर गॅसची टाकी बसली आणि त्याच इंजिनाचा आवाज बदलला. घोगरा झाला, खाली आला. जुने सूर उपयोगाचे राहिले नाहीत. तेव्हा हे जेवताना मधेच घास थांबवून तोंडानं "उंऽऽ" असा सूर लावत, मान हलवत, पुन्हा जरा खालचा लावत. शेजारणीनं मला विचारलं, "भजनात जात्यात व्हय गं तुझं यजमान?" मी म्हटलं, "व्हय. बसवलाय नवा देव." महिनाभरात त्यांनी नवे सूर बसवले.

मग ताप. कोळसा कणकुंबीच्या जंगलातून आणावा लागे. बेळगाववरून जांबोटी, पुढं कणकुंबी. कोळशाच्या भट्ट्या रानात, आणि माल तयार होईपर्यंत तिथंच झोपावं लागे. पावसाळ्यात तिथले डास गुराढोरांना सोडत नाहीत, माणसाचं काय. पहिल्याच पावसाळ्यानंतर ह्यांना हिवतापानं धरलं. त्या वेळी बेळगावच्या दवाखान्यातून कोयनेलच्या, म्हणजे क्विनाईनच्या, गोळ्या मिळाल्या, ह्यांनी घेतल्या. ताप गेला आणि कान वाजायला लागले. रानात असतात तसे रातकिडे कानात ओरडतायत म्हणाले. तशातच लॉरी घेऊन गेले आणि गिअरच्या एका दात्याचा तुकडा उडाला. अण्णांना वाटलं, लॉरी जुनी झाली. खरं काय ते ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं.

"गोळ्यांनी कान बंद झाल्यात. सूर सापडंना."

"उघडतील की."

"उघडतील. पन पुन्यांदा ह्या गोळ्या घेनार न्हाय मी. पाय गेलाय, त्याच्या जागी कान लावलाय. कान गेला तर त्याच्या जागी काय लावू?"

आठ-दहा दिवसांत कान उघडले. काही महिन्यांनी ताप पुन्हा आला आणि ह्यांनी खरंच कोयनेल घेतलं नाही. काढे घेतले, अंगारा लावला, एका म्हाताऱ्यानं दंडाला दोरा बांधला. ताप राहिला. एक दिवस आड यायचा, दुपारी हुडहुडी, मग भट्टी, मग घाम. दुसऱ्या दिवशी अंग हलकं. आमच्याकडं ह्या तापाला तिजारी म्हणतात.

माणूस कशाशीही जुळवून घेतो. तापाच्या दिवशी ह्यांनी घरी पडायचं आणि मोकळ्या दिवशी लॉरी चालवायची असं सुरू झालं. अण्णा सकाळी निरोप पाठवत, "ड्रायव्हरला इचारा, आज पाळी हाय का उद्या?" आणि त्याप्रमाणं माल भरत. व्यापारी अण्णांना विचारत, अण्णा आम्हाला विचारत. आठवड्याच्या बाजारासारखा ताप धरून चालले सगळे. मीही भाकरीचं पीठ त्या हिशेबानं मळत असे, कारण तापाच्या दिवशी हे अर्धी भाकरीही खात नसत. ताप शब्दाचा पक्का आहे असं सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं.

त्या शनिवारी दुपार कलायच्या आत क्लीनर परसाच्या दारातून आला. हा ह्यांच्यापेक्षा वयानं मोठा, वाळलेला, तोंडाचा फाटका माणूस. ह्यांना उस्ताद म्हणायचा. त्याचे दोन्ही कोपर सोललेले होते.

"वैनी, आदी पानी द्या. मंग सांगतो."

"हे कुठं हाईत?"

"येत्यात गाडीतनं. लॉरीतनं न्हवं, बैलगाडीतनं. जित्तं हाईत, भिऊ नका."

मी पाणी दिलं. तो तांब्या रिकामा करून खालीच बसला.

"तवंदीचा उतार. वर पोचलो तवा उस्ताद म्हनलं, जरा गार वाटतंय. मी म्हनलं, ऊन्ह पडलंय रणरण आनि तुमास्नी गार? तवर दात वाजाय लागलं. मी म्हनलं, उस्ताद, आज पाळी न्हाय. तर म्हनत्यात, त्याला सांग जा."

"मग?"

"मंग काय. उतार लागायच्या आदी खालचा गिअर टाकायला पायजे. वरचा काढला. खालचा पडंना. त्यांच्या दातांचाच आवाज एवढा, की इंजिन ऐकू येईना त्यास्नी. मलाच येईना, तर त्यास्नी कुठलं? गाडी मोकळी सुटली, पाठीत पेंडीची पोती. ब्रेकाचा वास सुटला. मी ठोकळा घेऊन उडी टाकली. ठोकळा चाकाखाली घातला तर त्यो बी चेंदला. मंग उस्तादांनी डोंगराच्या अंगाला वळवून चरात घातली. पलीकडच्या अंगाला वळली असती तर मी हितं पानी प्याया आलो नसतो, त्यांच्यासंगं वरच चाललो असतो."

"लागलं का?"

"मडगार्ड गेलं. उस्तादांना काय न्हाय. पेंड सांडली, ती तवंदीच्या म्हशींनी खाल्ली. म्हशी खूश हाईत."

थोड्या वेळानं बैलगाडी आली. हे गाडीच्या मागं पाय सोडून बसले होते, ताठ पाय पुढं आलेला, अंगावर दुसऱ्याची घोंगडी, डोळे लाल. गाडीवाल्यानं हात देऊन उतरवलं. मला बघून म्हणाले, "पाळी चुकली." तेवढंच. मी अंथरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना घरी आणलं. निपाणीतले जुने डॉक्टर, बोलायला कडक. त्यांनी पोट दाबून बघितलं. डाव्या बरगडीखाली, प्लीहेच्या जागी, त्यांची बोटं थांबली.

"पानथरी किती वाढलीय बघितलंत का? कितव्यांदा ताप हा?"

ह्यांनी सांगितलं, मोजलं नाही.

"कोयनेल का घेतलं नाहीत?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं. पाय, क्लच, कान, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग खिशातून नळी काढून त्यांनी ह्यांच्या दोन्ही कानांत बघितलं, घड्याळ कानाजवळ धरलं, लांब नेलं.

"इतक्या वर्षांच्या लॉरीनं थोडं आधीच गेलंय," ते म्हणाले. "कोयनेल पूर्ण घेतलं, आणि आता पूर्णच घ्यावं लागेल, तर कान वाजतील, ऐकू कमी येईल. बहुतेकांचं परत येतं."

"बहुतेकांचं म्हंजे?" ह्यांनी विचारलं.

"सगळ्यांचं येत नाही."

"आनि न्हाय घेतलं तर?"

"हा ताप अंगात ठेवून पुढच्या पावसाळ्यात कणकुंबीला गेलात तर पुढचं मला विचारू नका."

डॉक्टर गेल्यावर हे भिंतीकडं तोंड करून पडले. मी चुलीशी गेले. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. घरात दोघंच होतो, आणि बोलायचं ते तेव्हाच बोलून घ्यायला हवं होतं.

मी म्हटलं, "कोयनेल मी आणणार. कुठून मिळतंय ते बघते."

"आन. घेनार न्हाय."

"का?"

"तुला ठावं हाय का."

"लॉरी जाईल म्हणून. आणि तुमीच गेला तर लॉरी कोण चालवणार हाय? क्लीनर?"

"त्यो ठोकळं चांगलं टाकतो," हे म्हणाले. भिंतीकडंच तोंड होतं, पण पाठ हलत होती, म्हणजे हसत होते. मग हसू थांबलं. "अगं, मी मांडी घालून जेवाय बसू शकत न्हाय. शेतात न्हाय, वखारीत पोतं उचलाय न्हाय. लॉरीत बसलो की कुनाला पाय दिसत न्हाय. रस्त्यानं जातो तवा लोक बाजूला होत्यात. दुसरं काय काम येतंय मला?"

खोटं सांगणं मला जमत नाही. मी म्हटलं, "काही येत न्हाय. तरी घ्या."

आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

कोयनेल मिळणं सोपं नव्हतं. लढाईत सगळं पलटणींकडं जात होतं. अण्णांनी खडेबाजारातल्या ओळखीच्या एका दुकानदाराला निरोप धाडला आणि पुडी आली. अण्णा स्वतः घेऊन आले. ह्यांनी अण्णांना समोर बसवलं आणि जे मला सांगितलं होतं ते त्यांना सांगितलं. ऐन हंगाम. वखारीत बोद छताला लागलेले. लढाईनं सगळे चांगले ड्रायव्हर नेलेले. अण्णांच्या तोंडावर हे सगळं दिसत होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. शेवटी कानडीत "होगली बिडु" म्हणाले, म्हणजे जाऊ दे. "आधी माणूस. लॉरी थांबती."

ह्यांनी पुडी उशाशी ठेवली आणि घेतली नाही. पुढचा मोकळा दिवस आला तसे उठून वखारीत गेले. मडगार्ड ठोकून सरळ केलं होतं. क्लीनरनं मला नंतर सांगितलं, की उस्तादांनी लॉरी रिकामीच बाहेर काढली, संकेश्वरपर्यंत नेली आणि परत आणली. वाटेत कारण नसताना गिअर बदलत होते. सपाटीला खालचा, मग वरचा, पुन्हा खालचा. "मी म्हनलं, उस्ताद, कोळसा जाळताय व्हय उगाच? तर गप. एकदा बी दाता घासला न्हाय वैनी."

परत आल्यावर ह्यांनी हात धुतले, स्टुलावर बसले आणि माझ्याकडं हात पुढं केला. "दे."

गोळी कडू, तोंड आखडून टाकणारी. मी गुळाबरोबर देत होते तर नको म्हणाले. पाण्याबरोबर घेत गेले. मी समोर उभी राहत असे. विश्वास नव्हता म्हणून नव्हे, पाणी कुणीतरी द्यायला हवं म्हणून.

पहिल्यांदा कान वाजायला लागले. मग चुलीवरचं आधण, रस्त्यावरची गाडी, शेजारचं भांडण हे सगळं लांब गेलं. मुलगी मागून "आप्पा" म्हणून हाक मारायची, हे वळायचे नाहीत. ती रागावायची, मग कळल्यावर पुढं येऊन उभी राहून बोलायला लागली. तापाची पाळी आली आणि ताप आला नाही. दुसरी चुकली. तिसरीला आम्ही वाटही बघितली नाही. अंगाला मांस धरलं, भाकरी पूर्वीसारखी जायला लागली. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि मान डोलावली. गोळ्या संपल्या.

आता कान उघडायची वाट. मागच्या खेपेला आठ-दहा दिवस लागले होते, या खेपेला औषध जास्त, दिवस जास्त लागतील, असं आम्ही धरलं. होळी आली. पोरं बोंबा ठोकत आमच्या दारावरून गेली. हे अंगणात रस्त्याकडं पाठ करून बसले होते, चाकूनं लाकडाचा ठोकळा तासत. पोरं पुढ्यात आल्यावर मान वर केली आणि मग त्यांना पोरं दिसली. एका पोरानं तोंडावर हात मारून ह्यांच्या नाकासमोर बोंब मारली. हे हसले आणि त्याला चाकू दाखवला.

पाडवा झाला तरी तसंच. कानाशी मोठ्यानं ओरडलं तर ऐकू यायचं, पण ते म्हणायचे, घागरीत तोंड घालून कुणी बोलतंय असं येतंय. अण्णा येऊन बसत, लॉरीबद्दल काही बोलत नसत आणि उठून जात. त्यांची ती न बोलण्याची सभ्यता ह्यांना सोसेना. एक दिवस सकाळी मला म्हणाले, "चल माज्यासंगं. लॉरीत बस."

"मी कशाला?"

"क्लीनर तोंड सांभाळंल. अण्णा बी सांभाळत्यात. तू न्हाय सांभाळत. तुज्या तोंडाकडं बघून कळंल मला."

वखारीच्या आवारात क्लीनरनं पंखा फिरवून टाकी पेटवली. मी पहिल्यांदाच त्या लॉरीत पुढं बसले. ह्यांनी मांडी उचलून टाच क्लचवर ठेवली, कमरेतून रेटा दिला आणि लॉरी हलली. ते काम कानाचं नव्हतं, ते नीट झालं. आवाराबाहेर पडून रस्त्याला लागलो. ह्यांनी उजवा पाय उचलला, मान जरा तिरकी केली, आणि दांडा सरकवला.

करवत चालली. माझे दात आंबले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही.

दांडा परत घेतला. पुन्हा तसंच केलं. पुन्हा घासला. हे डोळे मिटून, तळहात दांड्यावर दाबून, हाताला काय कळतंय ते बघत होते. रस्त्याकडं बघा, असं मी ओरडले. ते ऐकू आलं नाही, पण डोळे उघडले. पुढच्या वेळेला गिअर पडला, गुपचूप, लोण्यात पडावा तसा. माझ्याकडं बघितलं. मी हो म्हटलं. ह्यांचा चेहरा जो झाला तो मी इथं लिहीत नाही. त्याच्या पुढचा पुन्हा घासला. त्याच्या पुढचाही. मधे एकदा पडला होता तो नशिबानं, हे आम्हा दोघांनाही कळलं.

लॉरी रस्त्याच्या कडेला थांबवून त्यांनी सुकाणूवर हात ठेवले.

"तू रोज बाजूला बसून बोट वर केलंस तर?" ते म्हणाले. आवाज मोठा होता. स्वतःचा आवाज त्यांना कळत नसे आता.

इंजिन कधी त्या सुराला येतं ते मला कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी मी बोट वर करीपर्यंत सूर निघून गेला असता. एवढं सगळं खुणांनी सांगता येत नव्हतं. मी नुसतीच मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले. "उशीर हुनार."

मागून क्लीनर धावत आला होता. त्याला बाहेरूनच सगळं ऐकू आलं होतं, त्यामुळं त्याला काही विचारायची गरज नव्हती. ह्यांनी लॉरी त्याच सुरुवातीच्या गिअरमध्ये, बैलाच्या चालीनं, वखारीत परत आणली. इंजिन बंद केलं. आधी ताठ पाय बाहेर काढला, मग हातांवर भार देऊन उतरले. कुणाचा हात घेतला नाही. इंजिन फिरवून सुरू करायचं हँडल अण्णांच्या पायरीवर ठेवलं.

अण्णा म्हणाले, "वखारीत राहा. रखवालीला माणूस लागतोच मला." ह्यांना कळावं म्हणून त्यांनी बोटानं वखारीचं दार आणि ह्यांची छाती दाखवली.

क्लीनर म्हणाला, "बहिऱ्याला राखनीला ठेवताय व्हय अण्णा? चोर बोद घेऊन जाताना 'राम राम' म्हनंल आनि उस्ताद 'बरं हाय' म्हनत्याल."

हमाल हसले. अण्णांनासुद्धा हसू आलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. सगळे हसतायत हे बघून ह्यांनीही हसून मान डोलावली. काय म्हटलं ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. क्लीनरचं हसू तिथंच थांबलं. तो लॉरीमागं गेला आणि टाकीतली राख काढायला लागला.

घरी येताना हे माझ्या पुढं चालत होते. वाटेत एक छकडा मागून येत होता, गाडीवान ओरडत होता. मी दंड धरून ह्यांना कडेला ओढलं. त्यांनी मागं बघितलं, छकडा बघितला, आणि पुढं चालायला लागले. बोलायचं ते ओरडून बोलावं लागलं असतं आणि शेजार ऐकत होता.

रखवालीची नोकरी ह्यांनी घेतली नाही. अण्णांनी ती पायरीवर उभं राहून दयेनं दिली होती आणि ती तेवढीच टिकली असती, हे मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठून भाकऱ्या थापल्या. हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून अंथरुणाशी जाऊन ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे उघडले तेव्हा टोपली दाखवली, मुलीची वेणी घालायची ते दाखवलं, आणि बाहेर पडले. बाजारापलीकडं दुसऱ्या एका व्यापाऱ्याची वखार होती. तिथं बायका तंबाखूच्या काड्या निवडायला बसत. मुकादमीण दारातच बसली होती.

"ड्रायव्हरची बायको न्हवं तू?"

"व्हय."

"मग हितं काय?"

"काम हाय का न्हाय ते सांगा."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भिंतीकडची जागा दाखवली. मी पदर नाकाला बांधून बसले.